आजीच्या ट्रंकेबद्दल

सांगली

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कोलाजसाठी आजीची ट्रंक मागितलीस आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला, त्याचा तुला राग आला असणार. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. काल ट्रंक माळ्यावरून खाली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेलेला नाही. वर क्रोशाचे रुमाल, त्यांखाली उशांचे चार अभ्रे, आणि त्यांतल्या दोहोंवर तांबड्या रेशमाने भरलेले ‘स्वीट ड्रीम्स’. इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या बाईने शेजारणीच्या नमुन्यावरून उतरवलेले ते शब्द आहेत, त्यामुळे एका अभ्र्यावरचा ‘ई’ उलटा आहे. सगळ्यात तळाशी कोळशाची इस्त्री, अजून तितकीच जड.

तू पाठवलेली चित्रे मी दोन-तीनदा पाहिली. अमेरिकन चित्रकार मिरियम शॅपिरो यांचे काम मला लगेच कळले. लॉस एंजेलिसमधल्या एका पडक्या घराच्या खोल्या त्यांनी आणि जुडी शिकागो यांनी आपल्या विद्यार्थिनींसह १९७२ साली कलाकृतींनी भरल्या, आणि पुढे बायकांचे हातरुमाल, एप्रन, टेबलावरची लेस हेच शॅपिरो यांच्या चित्रांचे साहित्य झाले. मेलिसा मेयर यांच्याबरोबर त्यांनी अशा कामाला ‘फेमाज’ हे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे, की पिकासोने १९१२ मध्ये मेणकापडाचा तुकडा चित्रात चिकटवला म्हणून कोलाजचा जन्म तेव्हा झाला असे इतिहास सांगतो, पण उरलेसुरले जपून, जोडून त्यातून नवे करण्याचे काम बायका त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या. हे वाचताना मी ज्या गोधडीवर बसलो होतो, तिच्यात आजीची दोन लुगडी, माझा शाळेचा शर्ट आणि कुणाच्या तरी परकराचा काठ आहे. तिला आम्ही कधी कला म्हटले नाही. थंडीत भांडून ओढून घेतली, एवढेच.

रुमालांपुरते सांगायचे तर शॅपिरो यांच्या १९७७ च्या ठशांकडे तू पुन्हा एकदा पाहावेस. जस्ताच्या पत्र्यावर मऊ थर देऊन त्यावर लेसची चकती जशीच्या तशी दाबायची, मग तो ठसा आम्लाने पत्र्यात उतरवून कागदावर छापायचा, अशी ती पद्धत आहे. त्यात वीण स्वतःच चित्र होते आणि कात्री लावावी लागत नाही. त्या मालिकेचे नाव ‘ॲनॉनिमस वॉज अ वुमन’, म्हणजे अनामिक ती एक बाईच होती. त्यांना त्या विणणाऱ्यांची नावे मिळणे शक्य नव्हते. तुला मात्र विणणारीचे नाव, गाव, तिच्या चष्म्याचा नंबरसुद्धा ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या प्रदर्शनातल्या पाटीवर ‘जुने क्रोशाकाम’ एवढेच लिहिलेले मला चालणार नाही.

इस्त्रीचे मात्र वेगळे आहे, आणि हे पत्र खरे तर तिच्यासाठी आहे. तू म्हणालीस, ‘बाबा, किती सुंदर वस्तू आहे!’ सुंदर आहे खरी. पण निखाऱ्यांची ठिणगी उडून आजीच्या मनगटावर जो डाग पडला होता, तो तू पाहिला आहेस. अण्णांचे शाळेचे सदरे आणि धोतरे ती रोज त्या इस्त्रीने करी. तिचे स्वतःचे लुगडे त्या इस्त्रीखाली कधी गेले नाही. ते घडी घालून गादीखाली ठेवले जाई आणि रात्रभर तिच्याच वजनाने सरळ होई.

म्हणून इस्त्रीसाठी बेटी सार या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकार बाईंकडे बघ. त्यांनीही १९७२ मध्येच आंट जेमायमा या पॅनकेकच्या पिठावरच्या हसऱ्या काळ्या मोलकरणीची जुनी बाहुली पेटीत उभी केली आणि तिच्या एका हातात झाडू तर दुसऱ्यात बंदूक दिली. मला त्याहून १९९८ चे काम जास्त लागले. त्यात इस्त्रीचे जुने लाकडी टेबल आहे, त्यावर गुलामांना दाटीने भरलेल्या जहाजाचा आराखडा छापलेला, इस्त्री साखळीने बांधलेली, आणि मागे दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ‘केकेके’ ही अक्षरे भरलेली, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या ‘कु क्लक्स क्लॅन’ या गोऱ्यांच्या संघटनेची. ज्यांच्या चादरी धुवायच्या तेच रात्री त्या पांघरून जाळपोळ करत आले, हे त्या चादरीकडे पाहताना सांगावे लागत नाही. आजी गुलाम नव्हती, आणि तशी तुलना तू करू नयेस. पण वस्तू देखणी आहे म्हणून तिचा हिशेब माफ होत नाही, हे त्या बाईंनी मला शिकवले.

तेव्हा इस्त्री हवी तशी वापर, हवी तर मोड. अभ्रे घे, उलटा ‘ई’ झाकू नकोस. ट्रंकेतले तोरण तुझ्या आत्याचे आहे, ते तिला विचारून मगच घे.

एक रुमाल वेगळ्या पिशवीत ठेवला आहे. नवी स्कूटर आली तेव्हा फडके सापडेना म्हणून मी रेडिओवरचा रुमाल उचलला आणि त्याने चाके पुसली. आजीने पाहिले. ती काही बोलली नाही; रुमाल माझ्या हातातून घेतला, तीन दिवस साबणात भिजवला, घासला आणि तेलाचा डाग तसाच असताना घडी घालून ट्रंकेत ठेवला. मी त्याबद्दल तिला कधीच विचारले नाही. तो तुला वापरायचा असेल तर खुशाल वापर, फक्त पुन्हा धुऊ नकोस.

ट्रंक मंगळवारी पार्सलने निघेल. किल्ली तुझ्या आईच्या पत्रात आहे.

तुझा,
बाबा