रेडिओवाल्या काकांस, एका जॉयस्टिकबद्दल जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानले तेव्हा तुम्ही "एवढ्यात काय झालं" म्हणून हात झटकलेत आणि लगेच पाणी किती वाजता येणार यावर बोलू लागलात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. एक हात नीट चालत नसताना संगणकावर विमान उडवायची हौस असलेले माझ्यासारखे आणखी कोणी असतीलच, आणि तुम्ही जे करून दिलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे असे मला वाटते.

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे अपघातानंतर वळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फ्लाइटगिअर हा १९९७ पासून मोफत मिळणारा आणि स्वयंसेवकांनी वाढवलेला सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, कळफलकावरही चालतो. पण त्यात विमानाचे नाक हवे त्या कोनात टिकवणाऱ्या एलिव्हेटर ट्रिमसाठी होम आणि एंड, पंखांमागच्या फ्लॅप्स या झडपांसाठी चौकटी कंसाच्या कळा आणि इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलसाठी पेज अप, पेज डाउन अशी बोटांची धावपळ होते आणि तीच मला जमत नाही. म्हणून थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम ही जॉयस्टिक जुन्या बाजारातून घेतली. बहुतेक जॉयस्टिकांची मूठ उजव्या हाताच्या मापाची असते, हिचे मात्र हात टेकवायचे भाग स्क्रू काढून बदलता येतात आणि ती डावखुरी होते.

ती जोडली आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान उभे केले, तर विमानाचे नाक आपोआप डावी-उजवीकडे हलू लागले आणि थ्रॉटल पुढे सरकवला की इंजिन मंदावू लागले. ओळखीच्या जाणकारांनी दोनच सल्ले दिले: जॉयस्टिकच्या जुळणीची कोणाची तरी तयार फाईल टाक, नाहीतर नवी जॉयस्टिक घे. तुम्ही आयुष्यात एकही संगणकीय खेळ खेळलेला नाहीत, चाळीतल्या दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यातच उमेद घालवलीत, आणि तरीही खुर्चीवर बसल्या बसल्या पहिले वाक्य बोललात ते असे: "आधी तो खेळ बंद कर. बिघाड कुठे राहतो ते बघू."

विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल ही आज्ञा दिली की गेम कंट्रोलर तपासायची एक साधी खिडकी उघडते. एका चौकोनात अधिकचे चिन्ह, बाजूला दोन पट्ट्या आणि खाली बटणांचे लाल गोल. मूठ सोडली की अधिकचे चिन्ह बरोबर मध्यभागी येऊन स्थिर राहत होते. मूठ पिळण्याच्या हालचालीची, म्हणजे झेड रोटेशनची पट्टी मात्र कोणी हात लावलेला नसतानाही थरथरत होती. तुम्ही मूठ अगदी सावकाश पिळलीत, पट्टी एका जागी अडखळून उडी मारते हे मला दाखवलेत आणि म्हणालात, "हा तर खरखरणारा व्हॉल्यूम." पुढे-मागे आणि आजूबाजूच्या हालचालीसाठी या जॉयस्टिकमध्ये चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत, त्यात घासणारे काही नसते. पिळण्याच्या अक्षाला मात्र रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा घासत फिरणारा पोटेन्शिओमीटर आहे, आणि त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की जे रेडिओच्या बटणाचे होते तेच मूठ पिळून चालणाऱ्या रडरचे, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पात्याचे होते. सेसनाचे पुढचे चाकही रडरच्या पेडलांनीच वळत असल्याने जमिनीवर तो दोष अधिकच जाणवत होता.

वायर काढून, स्क्रू वाटीत ठेवून, काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारून तुम्ही मूठ दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा पिळलीत. उडी नाहीशी झाली, थोडी थरथर उरली. तेवढ्यासाठी फाईलमध्ये डेड-बँड ठेवायचे ठरले, म्हणजे मध्यभागाजवळच्या किरकोळ हालचालीकडे खेळाने दुर्लक्ष करायचे. मला तो ऐसपैस ठेवून मोकळे व्हायचे होते. तुम्ही अडवलेत आणि ०.०५ वर थांबायला लावलेत. ते किती बरोबर होते हे उड्डाणाच्या वेळी पटले: पूर्ण शक्ती दिली की सेसना डावीकडे ओढते, तिला सरळ ठेवायला उजवा रडर अगदी थोडाच द्यावा लागतो, आणि मोठ्या डेड-बँडमध्ये नेमका तोच गडप झाला असता.

यानंतर फाईल. फ्लाइटगिअर प्रत्येक जॉयस्टिकसाठी एक एक्सएमएल फाईल, म्हणजे कोणती हालचाल कशाला लावायची हे लिहिलेली मजकुराची फाईल, वाचतो. उपकरणाने सांगितलेले नाव ज्या फाईलमध्ये सापडेल ती त्याची, आणि कोणतीच सापडली नाही तर सरसकट वापरायची एक ठरलेली फाईल. मूळ फाईलला धक्का न लावता तिची प्रत माझ्या खात्यातल्या फोल्डरमध्ये ठेवून आपण कामाला लागलो. थ्रॉटलच्या जागी ऑफसेट १ आणि फॅक्टर ०.५ असे आकडे होते. त्यांचा अर्थ मी सांगितला, की येणाऱ्या आकड्यात ऑफसेट मिळवायचा आणि बेरजेला फॅक्टरने गुणायचे. मग तुम्ही जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडणी केलीत. पट्टी पूर्ण पुढे असताना उपकरण उणे १ पाठवते. त्यात १ मिळवला की शून्य, म्हणजे इंजिन मंद. दोन्ही आकड्यांना उणे चिन्ह दिले की उणे १ आणि उणे १ मिळून उणे २, गुणिले उणे ०.५, बरोबर १, म्हणजे पूर्ण शक्ती. "तारा उलट्या जोडल्या होत्या, एवढंच," असे म्हणून तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत. एक्सएमएल हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाने तो हिशेब माझ्याआधी पुरा केला, याचे कौतुक मला अजून वाटते.

विमान बाजूला कलवणारे एलेरॉन आणि नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर यांना फाईलमध्ये पॉवर २, म्हणजे आकड्याचा वर्ग, दिली. त्यामुळे मूठ अर्धी ढकलली तर पाव परिणाम होतो आणि एक दशांश ढकलली तर शतांशच. माझा डावा हात सरावाचा नाही, तो थोडा थरथरतो, आणि ६५ नॉटने उतरताना शेवटच्या क्षणी नाक हळूच उचलायचे असते तिथे ही सवलत फार मोलाची ठरते.

सगळ्यांत विचाराचे काम ट्रिमचे होते. खऱ्या विमानात वैमानिक ट्रिमचे चाक फिरवून हातावरचा जोर काढून टाकतो आणि योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, त्याच जागी राहते. जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र मुठीला कायम मध्यभागी ओढते, म्हणून ट्रिम देत देत मूठ सैल सोडत यावे लागते. हे दोन्ही एकाच हाताला करता यावे यासाठी आपण बाजूला पाहण्याचे काम मुठीच्या डोक्यावरच्या हॅट स्विच या चारी दिशांना हलणाऱ्या बटणाकडून काढून माउसकडे दिले आणि हॅट स्विचची वर-खाली हालचाल ट्रिमला लावली, दाबून ठेवेपर्यंत ती चालू राहावी म्हणून रिपीटेबल ही खूण घालून. ब्रेक मुठीवरच्या चापाला, म्हणजे ट्रिगरला लावला. तळावर दोन्ही बाजूंना मिळून १२ बटणे आहेत. त्यांपैकी उजवीकडची फ्लॅप्स आणि पार्किंग ब्रेकसाठी ठेवली, कारण तिथे माझा उजवा अंगठा कोपर न उचलता पोचतो. फ्लॅप्सच्या दोन बटणांवर तुम्ही एम-सीलचे बारीक ठिपके बसवलेत, एकावर एक आणि दुसऱ्यावर दोन, आणि आता पडद्यावरची नजर न हटवता ती सापडतात. सेसनाची चाके आत जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी बटण लागलेच नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तपासायचे आणि मगच पुढची, हा तुमचा हट्ट तेव्हा मला कंटाळवाणा वाटला होता हे लपवत नाही. पण परवा विंडोज अद्ययावत झाल्यावर काहीतरी बिनसले, तेव्हा मी तुम्हाला हाक न मारता आधी खेळ बंद केला, ती खिडकी उघडली आणि दोष जॉयस्टिकमध्ये नसून फाईलमध्ये आहे हे स्वतः शोधले. माझ्या हातातला माउस तुम्ही एकदाही घेतला नाहीत, त्याचे हे फळ आहे.

लोहगावहून निघून घाट ओलांडून जुहूला उतरणे आता जमते. धावपट्टीच्या मध्यरेषेवर उतरणे अजून जमत नाही, पण तो जॉयस्टिकचा दोष नव्हे.

पैशांचा विषय तुम्ही काढू दिला नाहीत. त्या दिवशी तुमच्या क्लीनरचा डबा तळाला गेलेला मी पाहिला होता. नवा आणून ठेवला आहे, तेवढा घ्यावा. शिवाय काकूंनी विचारले होते की विमानातून आपली इमारत दिसते का; इमारत दिसत नाही, पण खडकवासल्याचे पाणी दिसते, आणि येत्या रविवारी चहाला आलात तर दोघांनाही त्यावरून फिरवून आणीन.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण