पेटंट कोणाच्या नावावर?

माननीय संपादक,
स. न.

बहुराष्ट्रीय कंपनी नवे संशोधन केंद्र काढते तेव्हा बातमीत दोन आकडे हमखास असतात: गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती. त्या भागाची उत्पादकता वाढेल का, हे यांवरून कळत नाही. ते कळण्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात, आणि ते आपल्या बातमीदारांनी विचारावेत म्हणून हे पत्र.

आयर्लंडचे सकल देशांतर्गत उत्पादन २०१५ या एका वर्षात २६ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. तिथल्या लोकांचे काम काही एवढे वाढले नव्हते. काही मोठ्या कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंटसारखे हक्क, आयर्लंडच्या खात्यात आणली, हे त्यामागचे मुख्य कारण. पुढे हा फुगवटा वगळून मोजण्यासाठी तिथल्या सांख्यिकी विभागाला वेगळे परिमाण तयार करावे लागले. तेव्हा दरडोई उत्पादकतेचा आकडा चढला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये.

तैवानचा अनुभव वेगळा आहे. १९७६ मध्ये तिथल्या सरकारी औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आरसीए या अमेरिकी कंपनीकडून चिप बनवण्याचे तंत्रज्ञान घेतले, ते आपले इंजिनिअर अमेरिकेत पाठवून, शिकवून घेऊनच. त्याच संस्थेतून १९८७ मध्ये टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. फिलिप्सने तिच्यात भांडवल घातले. शिकून आलेल्या माणसांना परतल्यावर काम करायला स्वतःची प्रयोगशाळा होती, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कोहेन आणि लेविन्थाल या अभ्यासकांनी १९९० मध्ये नेमके हेच मांडले: ज्याचे स्वतःचे संशोधन चालू असते, त्यालाच दुसऱ्याचे संशोधन उचलता येते. म्हणूनच विद्यापीठांचा निधी आखडता घेऊन परक्या कंपनीला करसवलत देणे मला घातक वाटते.

शेजारी मोठी कंपनी आली की स्थानिक उद्योग आपोआप सुधारतात, हाही समज तपासायला हवा. व्हेनेझुएलातील कारखान्यांच्या १९९९ च्या अभ्यासात परकीय गुंतवणुकीमुळे त्याच क्षेत्रातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली दिसली. लिथुआनियाच्या २००४ च्या अभ्यासात फायदा दिसला, पण तो त्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांना. पुरवठादाराकडून अचूक माप आणि वेळेचा काटेकोरपणा मागितला जातो, आणि तो त्यातून शिकतो. सगळा माल बाहेरूनच येत असेल, तर शिकणार कोण?

केंद्र जाऊही शकते. इंग्लंडमधल्या सँडविच गावचे आपले संशोधन केंद्र बंद करण्याचा निर्णय फायझर या औषध कंपनीने २०११ मध्ये जाहीर केला, तेव्हा तिथे सुमारे २,४०० माणसे काम करत होती.

म्हणून विनंती अशी, की अशा प्रत्येक बातमीत पेटंट कोणाच्या नावावर नोंदणार, स्थानिक पुरवठादार किती, नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढणाऱ्या कर्मचाऱ्यावर करारात कोणती बंधने आहेत, हे विचारून छापावे. आणि पाच वर्षांनी त्याच केंद्रात बातमीदाराला पुन्हा पाठवावे.

आपला,
एक नियमित वाचक