एका वेलांटीपायी

सारलुई, २ नोव्हेंबर

प्रिय शुभे,

सात महिने पत्र नाही. फोनवर नुसतं "बरी आहेस ना? बरी आहे." चुकलंच माझं. गुडघा ठीक आहे, थंडी सुरू झालीय. आता ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

माझं जर्मन नागरिकत्व मंजूर झालं. गुरुवारी कागद मिळेल, मग आपला पासपोर्ट परत करायचा. त्याचं रडू मी मे महिन्यातच रडून घेतलं. अडलंय वेगळंच. शुक्रवारी कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. "जन्मगावाचं नाव तुमच्या दाखल्यावर एक आहे, आमच्या यादीत दुसरं. कुठलं लिहू?" बेळगाव की बेळगावी. मी म्हटलं, सोमवारी सांगते. तेव्हापासून झोप नाही.

तुला नववीतला एक नोव्हेंबर आठवतो ना? तू आईचं बोट धरून लाल-पिवळा झेंडा घेऊन कर्नाटक राज्योत्सवाला, आणि मी दंडाला काळी फीत बांधून आप्पांच्या सायकलच्या कॅरियरवर. दुसऱ्या दिवशी बाकावर मधोमध दप्तर! ते तूच ठेवलं होतंस, मी नाही, हे आज लेखी देते. महिनाभर बोललो नाही. शेवटी तुझ्या अज्जांनी कुंदा पाठवला, आणि तो तू वाटेत अर्धा खाल्लास.

काल इथेही एक नोव्हेंबर. इथे तो सर्व संतांचा सण, दुकानं बंद, लोक थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातात. शेजारच्या ओमाला, म्हणजे आजीला, मी घेऊन गेले. सत्त्याऐंशीची आहे. तिला ही वेलांटीची गोष्ट सांगितली, तर हसलीच नाही. घरी आल्यावर तिने कपाटातून स्वतःचा जन्मदाखला काढला. गाव: सारलाउटर्न. म्हटलं हे कुठे आलं? म्हणाली, इथेच, याच गल्लीत.

अगं, हे गाव चौदाव्या लुईने १६८० मध्ये किल्ला म्हणून वसवलं, म्हणून सारलुई. फ्रेंच क्रांतीत राजाचं नाव नको झालं, म्हणून सारलिब्र. १८१५ ला प्रशियाकडे गेलं. १९३६ मध्ये नाझींना फ्रेंच नाव खुपलं, म्हणून सारलाउटर्न. १९४५ ला पुन्हा सारलुई. ओमा जन्मली त्या मधल्या नऊ वर्षांत. सगळा जन्म तिने असल्या फॉर्मांवर ते नाव लिहिण्यात घालवला.

आणि आप्पांना ऐकवावंसं वाटतं ते पुढे आहे. आपलं गाव कर्नाटकात गेलं त्याबद्दलचं आप्पांचं वाक्य तुला पाठ आहे, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." या सार प्रांताला दोनदा विचारलं, शुभे! पहिल्या महायुद्धानंतर इथल्या कोळशाच्या खाणी फ्रान्सला दिल्या आणि प्रांत पंधरा वर्षं राष्ट्रसंघाकडे. मग १३ जानेवारी १९३५ ला मतदान झालं. ९०.७ टक्के मतं जर्मनीकडे गेली, म्हणजे तेव्हा हिटलरकडे. विरोधात बोललेले कित्येक फ्रान्सला पळाले. दुसऱ्या युद्धानंतर पुन्हा फ्रान्सचा ताबा. सारचं वेगळं सरकार, खिशात फ्रँक. फुटबॉलचा संघसुद्धा वेगळा, आणि १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तो खेळला कुणाशी, तर पश्चिम जर्मनीशी! सारब्रुकेनला ३-१ ने हरला. ओमाचे वडील त्या दिवशी कुणाच्या बाजूने ओरडले, ते तिला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्यांदा विचारलं २३ ऑक्टोबर १९५५ ला. सारने युरोपच्या देखरेखीखाली वेगळंच राहावं का? ६७.७ टक्के "नाही" म्हणाले. १ जानेवारी १९५७ पासून हा प्रांत पश्चिम जर्मनीत. आपलं गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला. दोनच महिन्यांचं अंतर! मार्क मात्र इथे ६ जुलै १९५९ ला आला, तोवर जर्मनीत राहून फ्रँकच.

ओमाच्या वडिलांनी "हो" म्हटलं, काकांनी "नाही". दोघे एकाच खाणीत कामाला. १९६२ च्या फेब्रुवारीत लुइझेनथालच्या खाणीत स्फोट होऊन २९९ माणसं गेली, त्या रात्री दोघे भाऊ फाटकाशी शेजारी उभे होते, म्हणे. तरी बोलले नाहीत. काल मी दोघांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावल्या, एक या टोकाला, एक त्या. मधलं अंतर चालताना मला ते दप्तर आठवत होतं.

विचारलं असतं तर आपल्या गल्लीतही असंच झालं असतं का गं? आप्पा आणि तुझे अज्जा रोज एका कट्ट्यावर बसायचे, वाद घालून चहा एकत्र प्यायचे. तरीही आप्पांचं दुःख खरं आहे. विचारायला हवंच होतं, असं मला अजून वाटतं, आणि तुला तसं वाटत नाही हेही ठाऊक आहे.

तुझ्या शाळेची तपासणी झाली का? पिंट्याचा बारावीचा क्लास? वहिनींना नमस्कार. अज्जांचं वर्षश्राद्ध जवळ आलं ना, पैसे पाठवते.

मी बाईंना "बेळगाव" लिहा म्हणणार आहे, कारण दाखल्यावर तेच आहे, आणि शाळेत तूही तेच लिहायचीस. तुला दुखलं तर आत्ताच सांग, सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे. पासपोर्टचं आप्पांना मी रविवारी सांगणार. तू संध्याकाळी पाचला त्यांच्याजवळ जाऊन बस. कुंदा नेऊ नकोस, साखर वाढलीय त्यांची.

तुझीच,
मंगल