हवा बरी नसताना विद्यार्थ्याला वर न्यावे काय?

नागपूर

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

आता तू स्वतः विमान उडवायला शिकवणारी प्रशिक्षक झाल्यावर, हवा बरी नसताना विद्यार्थ्याला वर न्यावे की नाही, असे विचारले आहेस. सोनेगावच्या हवामान कार्यालयात नोकरी केलेल्या माणसाकडून तुला नकाराचीच अपेक्षा असेल. तरी न्यावे असेच माझे मत आहे, फक्त सरसकट नव्हे.

हिवाळ्यातील धुरकट सकाळी दृश्यता पाच किलोमीटरच्या किंचित वर असते, तेव्हा सरावाचे क्षेत्र ओळखू येईनासे होते. हा गोंधळ विद्यार्थ्याने तू शेजारी असतानाच अनुभवावा. आडव्या वाऱ्याचेही तसेच. सेस्ना १७२ हे विमान १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटर) आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेले आहे, पण ते कसलेल्या वैमानिकाने. नवख्याला तेथवर हळूहळूच न्यावे लागते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडवून पाहिले, तेव्हा विमानावरचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. निरभ्र आकाशातच २०० तास भरून व्यावसायिक परवाना घेणाऱ्याची मला म्हणूनच धास्ती वाटते.

वैशाखातील दुपार मात्र निराळी. आपल्याकडे उकाड्याने गर्जमेघ उभे राहतात, आणि पाऊस पंधरा-वीस किलोमीटर दूर असतानाच त्यांतून कोसळलेली थंड हवा धूळ उडवीत जमिनीलगत पसरत येते. उतरत्या लहान विमानाला समोरून मिळणारा वारा अशा वेळी अचानक फिरला, तर वेग आणि उंची दोन्ही एकदम जातात, आणि तेथे प्रशिक्षकाचा हातही थिटा पडतो. त्या हवेत शिकवण्यासारखे काही नसते. तास उरकण्याची घाई संस्थेला असते, पालकांनाही असते (शुल्काचे हप्ते मीही भरले आहेत). त्या दिवशी तू सॉर्टी (सरावाचे उड्डाण) रद्द करावीस आणि का केलीस ते विद्यार्थ्याला रडारच्या चित्रावर दाखवावेस.

आणखी एक. निघण्यापूर्वी मेटार (विमानतळावरच्या सध्याच्या हवेचा अहवाल) आणि टॅफ (तेथील पुढच्या काही तासांचा अंदाज) विद्यार्थ्यानेच वाचावेत, दृश्यता किती उतरली की परतायचे तेही त्यानेच सांगावे. आणि ती मर्यादा आल्यावरही तो पुढेच जाऊ लागला, तर सुरक्षित असेतो थोडे थांबून पाहा, मग विमान तू वळव.

तुझा,
बाबा