चावणाऱ्या कुत्र्यासाठी निवारा मागण्याआधी

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. कुत्रा चावला की ‘निवाऱ्यात जागा बघा’ असे निरोप फोंडा, डिचोली, म्हापशाहून येतात. पण निवाऱ्यातल्या गर्दीत आणि सततच्या भुंकण्यात असा कुत्रा आणखी बिथरतो. निवारा हा शेवटचा पर्याय समजा.

चावा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. कुत्र्याला 10 दिवस वेगळे ठेवून लक्ष ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. कान, दात किंवा सांधे दुखत असले तर गरीब कुत्राही चावतो. मग जाळीच्या मुसक्याची सवय लावा, तीही घाई न करता, खाऊ देत देत.

तरीही ठेवणे अशक्य असेल तर लहान मुले नसलेले, भक्कम कुंपणाचे घर आपण मिळून शोधू. कोणाला, कधी, कशामुळे चावला, हे त्या घराला लेखी कळवाच. हे लपवणे आम्हाला अक्षम्य वाटते.

पाळलेला कुत्रा चोर्ला घाटात नेऊन सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मदत हवी असल्यास कुत्रा चावल्याच्या घटनांची माहिती आणि लसीकरणाचे कार्ड समितीकडे पाठवा.

– समिती