डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मावशींना नाशिकहून थँक्यू

मावशी, तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय. आम्ही त्र्यंबक-जव्हार मार्गे बस घेऊन आलेलो नाशिकचे लोक, आठवीची पोरं आणि मी त्यांची सायन्सची टीचर. बऱ्याच पोरांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला हो, आपली गोदावरीसुद्धा इथून जवळचा समुद्र सोडून पार बंगालच्या उपसागरात जाते.

तुम्ही खडकावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढत होता. सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, ते दोन-तीन तास म्हणजे तुमची त्या दिवसाची कमाई, हे मला माहीत होतं, तरी तुम्ही टोपली बाजूला ठेवून पोरांना बोलावलंत त्याचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

पुस्तकात भरती-ओहोटी चंद्रामुळे एवढंच असतं, तुम्ही तिथीला पाऊणने गुणायला शिकवलंत. पौर्णिमेच्या 15 ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती, पुढे साधारण 6 तासांनी सुकती, किनाऱ्याप्रमाणे थोडं मागेपुढे, आणि रोज पाऊण तास पुढे सरकते. गणितात कायम मागे राहणारा एक मुलगा आता रोज कॅलेंडर बघून वेळ सांगतो!

फाटक्या रबरी वॉशरसारखं जे काही पोरं कचरा म्हणून उचलत होती ती एका गोगलगाईची अंडी निघाली, वाळू आणि चिकट द्रवाने बांधलेली, हे मी फक्त फोटोत पाहिलं होतं. आणि समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा तो प्राणी, पाणी ओसरल्यावर अंग आखडून का बसतं, तर आतलं पाणी उन्हात सुकू नये म्हणून. दगड उलटला की परत तसाच ठेवायचा, खाली कोणाचं तरी घर आहे, हे तुम्ही दरडावून सांगितलंत ते फार बरं केलंत. खिशातले शंखसुद्धा पोरांनी स्वतःहून काढून ठेवले कारण शंखातला खेकडा मोठा झाला की त्याला नवा रिकामा शंख शोधावा लागतो हे त्यांनी तुमच्याकडून ऐकलं होतं, माझं एवढं ऐकत नाहीत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण पुढच्या बॅचला तुमची सुकती बुडवून आणायचं नाही असं मी आमच्या हेडसरांना सांगितलंय, तुमच्या वेळेचं मानधन ट्रिपच्या खर्चातच धरायचं. नाही म्हणू नका. तिथी बघून फोन करते.