प्रश्न विचारला म्हणून हकालपट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थ पुरवणीतला एनएफटीवरचा, म्हणजे डिजिटल चित्रांची मालकी ब्लॉकचेन या सामायिक नोंदवहीत दाखवणाऱ्या टोकनांवरचा, लेख वाचला. पैसे घालण्यापूर्वी ‘स्वतः संशोधन करा’ असा उपदेश करून लेखकमहाशयांनी पाच कसोट्या दिल्या आहेत: समाजमाध्यमांवर अनुयायी किती, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सदस्य किती, संस्थापकांची छायाचित्रे आहेत का, रोडमॅप म्हणजे पुढच्या कामाचा आराखडा सविस्तर आहे का आणि कोडचे ऑडिट झाले आहे का. पाचही ठिकाणी समाधान झाले की खुशाल मिंट करा, म्हणजे नवे टोकन काढून विकत घ्या. छान! अडचण एवढीच की या पाचांची बेगमी लबाड माणूस सगळ्यात आधी करून ठेवतो. अनुयायी घाऊक विकत मिळतात, निम्मे सदस्य बॉट म्हणजे यांत्रिक खाती असतात आणि रोडमॅप लिहायला एक संध्याकाळ पुरते.

मध्यंतरी माझा भाचा असाच एक प्रकल्प घेऊन आला. “मामा, एकदा नजर टाका,” म्हणाला. नाव लिहीत नाही, उगाच तुमच्या वकिलांना काम नको. हजारो चित्रांचा संग्रह, बरीचशी विकली गेलेली, फ्लोअर प्राइस (संग्रहातल्या सगळ्यात स्वस्त चित्राचा भाव) रोज चढती आणि उरलेली हवी असतील तर निर्णय आज रात्रीच घ्यायचा. तुमच्या लेखाच्या हिशेबाने पैकीच्या पैकी गुण. संस्थापकाचे हसरे छायाचित्रही होते. फक्त त्यातली चष्म्याची एक काडी कानापर्यंत पोचण्याआधीच केसांत विरघळली होती. म्हणजे छायाचित्र संगणकाने रचलेले; असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आम्ही त्यांचे संकेतस्थळ बंद केले आणि इथेरियम या ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणारे इथरस्कॅन उघडले. तिथे कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे संग्रह चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता टाकला की सगळ्या व्यवहारांची खतावणी समोर येते, कुणालाही आणि फुकट. तुमच्या लेखात तिचा साधा उल्लेख नाही! चढत्या भावाने चित्रे घेणारी वॉलेट, म्हणजे डिजिटल पाकिटे, एकेक करून पाहिली. पत्ते वेगवेगळे, पण प्रत्येकात पहिले इथर (तिथले चलन) आलेले एकाच ठिकाणाहून, तेही खरेदीच्या जरा आधी. ते ठिकाण असे चलन विकणारे एखादे एक्स्चेंज असते तर मी काही बोललो नसतो, तिथून रोज हजारोंना पैसे जातात. हे एक साधे खासगी वॉलेट होते आणि विक्रीचे पैसे फिरून पुन्हा त्यातच येत होते. घेणारा तोच, देणारा तोच, भाव चढवणाराही तोच. या प्रकाराला वॉश ट्रेडिंग म्हणतात आणि ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासणाऱ्या चेनॅलिसिस कंपनीने त्यावर अहवाल काढला होता. स्वतःच पैसे पुरवलेल्या वॉलेटला पंचवीसहून अधिक वेळा एनएफटी विकणारे 262 जण त्यांना सापडले होते. लेखकमहाशयांनी तो चाळला असता तरी चालले असते.

मग भाच्याच्याच खात्यावरून मी डिस्कॉर्डवर अत्यंत सभ्य भाषेत दोन प्रश्न टाकले. जमलेले इथर काढण्याचा अधिकार एकाच माणसाच्या चावीवर आहे की अनेकांच्या सह्या लागणाऱ्या मल्टिसिग वॉलेटवर? आणि चित्रे आयपीएफएस या अनेक संगणकांवर पसरलेल्या साठवणीत आहेत की तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर? टोकनमध्ये बहुधा चित्र नसते, चित्राकडे नेणारा दुवा असतो. सर्व्हर त्यांचा असेल तर उद्या ते चित्र बदलतील किंवा पुसतीलही. उत्तर आले, “वातावरण बिघडवू नका.” पाठोपाठ प्रश्न गायब आणि खातेही बाहेर! आयुष्यभर मी लेखापरीक्षण केले. जमाखर्चाबद्दल विचारल्यावर गोड बोलणारे पाहिले, हमरीतुमरीवर येणारे पाहिले, विचारणाऱ्यालाच उचलून बाहेर टाकणारे हे पहिलेच. भाच्याने ते एनएफटी घेतले नाही. माझे म्हणणे पटले म्हणून नव्हे, माझ्यामुळे त्याचेच खाते गेले म्हणून. अजून नीट बोलत नाही.

ऑडिटच्या मुद्द्यावर तर गप्प बसवत नाही. कोडचे ऑडिट म्हणजे कोड सांगितल्याप्रमाणे चालतो की नाही याची तपासणी. ‘मालकाला सगळी रक्कम काढून घेता यावी’ हेही कोडमध्ये अगदी बिनचूक लिहिता येते आणि त्याला शेराही चांगला मिळू शकतो. जानेवारी 2022 मध्ये फ्रॉस्टीज या एनएफटी संग्रहाची सगळी चित्रे विकली गेली आणि काही तासांतच संकेतस्थळ बंद करून कर्त्यांनी सुमारे 11 लाख डॉलर हलवले. कुणी हॅकिंग केले नव्हते. बक्षिसे, मेटाव्हर्स या आभासी जगातल्या खेळात आगाऊ प्रवेश, सगळी आश्वासने होती. मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने दोघांवर आरोप ठेवले, तेव्हा त्यांची एम्बर्स या पुढच्या संग्रहाची तयारी चालू होती.

‘अधिकृत खात्यावरचीच लिंक वापरा’ ही सूचनाही लेखात आहे. ऑगस्ट 2021 मध्ये खुद्द बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराच्या संकेतस्थळावरच्या एका पानावरून लिंक गेली होती आणि त्यावरून लिलावात घेतलेले एनएफटी बनावट निघाले. घेणाऱ्याचे दैव बलवत्तर, बहुतेक पैसे परत मिळाले. एप्रिल 2022 मध्ये बोअर्ड एप यॉट क्लब या प्रसिद्ध एनएफटी संग्रहाचे अधिकृत इन्स्टाग्राम खाते हॅक झाले आणि तिथल्या लिंकवर ज्यांनी भाबडेपणाने सही केली, म्हणजे वॉलेटमधून व्यवहाराला मंजुरी दिली, त्यांची चित्रे गेली. वॉलेटच्या खिडकीत ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ असे दिसले, तर त्या संग्रहातली आपली सगळी चित्रे हलवण्याचे मुखत्यारपत्र आपण देत असतो. मिंटसाठी वेगळे, जवळपास रिकामे वॉलेट ठेवावे, एवढे एक वाक्य लेखात बसले नाही. संस्थापकांच्या ‘दूरदृष्टी’वर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

आता जागेचा विषय निघालाच आहे म्हणून. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एका एनएफटी संग्रहाची रंगीत जाहिरात आहे, ‘मर्यादित संधी’ असे मोठ्या टाइपात. ‘प्रायोजित’ हा शब्द शोधायला मला भिंग लागले. वर सावधगिरीचे धडे आणि खाली हे! जाहिरातदाराला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता तरी विचारला होता का? तो जाहिरातीत कुठेही नाही.

आणखी एक. याच विषयावरच्या माझ्या मागच्या पत्रातले सगळे प्रश्न गाळून तुम्ही फक्त पुरवणीच्या अभिनंदनाचे वाक्य छापलेत. या वेळी अभिनंदनाचे वाक्य लिहिलेलेच नाही, त्यामुळे काय गाळायचे ते आपण पाहावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार